उकरून बघणारे सर

सरांच्या अंगणात काहीच उगवत नसे. माती वाईट नव्हती. ऊन तर सोलापूरचं, ते कुणालाच कमी पडत नाही. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येई, पण भिंतीशी मांडलेली पिंपं भरलेली असत. बी सर स्वतः जाऊन, दुकानदाराचं डोकं खाऊन, निवडून आणत. तरी मेथी येत नसे, कोथिंबीर येत नसे, एरवी उकिरड्यावर माजणारी टोमॅटोची रोपंसुद्धा सरांच्या अंगणात मान टाकत. याचं कारण साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. सर सोमवारी बी पेरत आणि बुधवारी ते उगवलं का, हे उकरून बघत.

“कोंब आलाय की!” म्हणून ते मावशींना हाक मारत. मावशी म्हणजे त्यांची बायको. मावशी पिठाचे हात घेऊन दारात येत, कोंब बघत आणि म्हणत, “बरं, आता झाका त्याला.” सर झाकत. शुक्रवारी पुन्हा उकरत. “परवा होता तेवढाच आहे. वाढ नाही.” रविवार उजाडेपर्यंत कोंबानं जीव सोडलेला असे, आणि सर बियाणं विकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत चर्चला जात. तिथं रविवारच्या शाळेत ते मुलांना शिकवत, की माणसानं देवाच्या मळ्यात वाढावं, फळ द्यावं, आणि वाढीला वेळ लागतो.

या सरांच्या माडीवरच्या खोलीत मी काही वर्षं भाडेकरू होते. मी दुधनीची. आम्ही लिंगायत, घरात कानडी. सोलापुरात सरकारी कचेरीत नोकरी लागली तेव्हा खोली बघायला वडील बरोबर आले. सरांनी त्यांना खुर्ची दिली, तांब्याभर पाणी दिलं आणि विचारलं, “मुलीत वाढ आहे का?”

वडिलांनी मला खालपासून वरपर्यंत नीट बघितलं, जणू प्रथमच बघत होते. म्हणाले, “आता काय वाढणार सर, चोवीस पुरी झाली की.”

सरांना उत्तर पटलं नाही, पण खोली मिळाली. जिना उतरताना वडील कानडीत म्हणाले, माणूस चांगला आहे, थोडा तिरपा आहे. भाडं वेळेवर दे आणि वाद घालू नको. यातलं भाड्याचं मी पाळलं.

‘वाढ आहे का?’ हा सरांचा रामराम होता. त्यांना आत्म्याची वाढ विचारायची असे. माणूस कालपेक्षा आज देवाकडं बोटभर तरी सरकला का, असा त्याचा अर्थ. पण गल्लीत बहुतेक तेलुगू विणकर. त्यांना वाटे सर धंद्याचं विचारतात. ते म्हणत, “कसली वाढ सर, निम्मे माग बंद हायत.” भाजीवाली म्हणे, “व्हय, वांगी वाढली.” सर प्रत्येकाकडं फार दुःखानं बघत आणि पुढं जात. आयुष्यभर शाळेत शिकवून निवृत्त झालेला माणूस. जगाला कितीही शिकवलं तरी त्याला प्रश्न कळत नाही, याची त्यांना सवय होती.

त्यांचा दुसरा शब्द ‘पानं’. ज्याची बडबड जास्त आणि करणी कमी, तो ‘नुसती पानं’. त्यांच्या चर्चचे खजिनदार होते, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. इस्त्रीचे कपडे, मनगटावर सोनेरी घड्याळ, कायदा तोंडपाठ. ते प्रार्थनेला उभे राहिले की जगातल्या सगळ्या देशांवरून फिरत फिरत सोलापूरला पोचत, तोवर लहान मुलं आयांच्या मांडीवर झोपलेली असत. त्यांचं आमेन झालं की सर शेजारच्यापुरतं पुटपुटत, “पानं छान आहेत.” शेजारचा म्हणजे पुढचे चार बाक. सरांची स्वतःची प्रार्थना मात्र लोकांनी डोळे मिटेपर्यंत संपलेली असे. देवाला सगळं माहीतच आहे, तर त्याचा वेळ कशाला घ्यायचा, असं त्यांचं म्हणणं होतं. मी नवी साडी नेसून जिना उतरले की मावशी म्हणत, “छान दिसतेस गं.” सर पेपरातून डोकं न काढता म्हणत, “पानं बरी आहेत.”

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी ख्रिस्ती घरांतून वचनाची चिठ्ठी उचलायची पद्धत असते. जे वचन हाती येईल ते वर्षभर जपायचं. सरांना चिठ्ठी मान्य नव्हती. “चिठ्ठीत नशीब आलं. वाढीत नशीब नसतं, मेहनत असते.” म्हणून त्यांनी स्वतःची पद्धत काढली होती. बायबलात आत्म्याची नऊ फळं सांगितली आहेत, प्रीती, आनंद, शांतीपासून पार इंद्रियदमनापर्यंत. सर त्यातलं एकेक फळ माणसाला वर्षासाठी नेमून देत. एक जानेवारीला शर्टाच्या खिशात खडू घालून ते ओळखीपाळखीच्यांच्या दारोदार फिरत आणि ज्याचं त्याचं फळ चौकटीवर लिहून येत. शाळा सुटली तरी खडू सुटला नव्हता. काही लोक सरांची पाठ वळताच पुसून टाकत. खजिनदारांच्या चौकटीवर एकदा ‘इंद्रियदमन’ उमटलं, तेव्हा त्यांच्या सुनेनं ते पाहुणे यायच्या आत ओल्या फडक्यानं काढलं.

मला पहिल्याच वर्षी ‘सौम्यता’ मिळाली.

“मी तुमच्या चर्चची नाही, सर.”

“फळाला काय जात असते?”

“पण सौम्यताच का?”

“परवा रिक्षावाल्याशी बोलताना ऐकलं.”

“तो मीटर लावत नव्हता! मग काय पूजा करू त्याची?”

“बघ,” सर म्हणाले आणि सौम्यतेखाली आणखी एक रेघ ओढली.

मावशींना ते दर वर्षी ‘आनंद’ देत. मावशी म्हणत, “लिहून देतात. मिळत नाही.” आणि स्वतःच्या चौकटीवर सर दर वर्षी ‘सहनशीलता’ लिहीत. मी विचारलं, तेच तेच का, तर म्हणाले, “नापास झालेल्यानं त्याच वर्गात बसायचं असतं.” लाकडाच्या त्याच जागी वर्षानुवर्षं गिरवून तिथला रंग उडाला होता.

नापास ते असे तसे नव्हते. कुकरची दुसरी शिट्टी त्यांनी घरात कधी होऊ दिली नाही. पहिली झाली की, “झालं झालं, बंद कर!” त्यामुळं त्या घरात डाळ चावून खावी लागे. नळाच्या दिवशी ते पहाटेपासून तोटीसमोर स्टूल टाकून बसत आणि पाना घेऊन पाइप ठोकत, म्हणजे पाण्याला कळावं. वर्गात ते प्रश्न विचारत आणि उत्तर स्वतःच देऊन टाकत. म्हणूनच त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांचं त्यांच्यावर फार प्रेम. आवाज चढला तर शेजारचे माग चालू असतानाही ऐकू येई. तो चढायला कारण मोठं लागत नसे. चष्मा सापडत नाही, एवढं पुरे. चष्मा बहुधा कपाळावर असे. मावशी काही न बोलता बोट दाखवत.

त्या घरातला वर्षातला अवघड दिवस म्हणजे हंगामाचा सण. दिवाळीनंतरच्या एका रविवारी त्यांच्या चर्चमध्ये ज्यानं त्यानं आपल्या घरच्या पिकातलं पहिलं आणून देवापुढं ठेवायचं. खेड्यातून येणारी मंडळी बाजरी, भुईमूग, डाळिंबं, एखादी पाय बांधलेली कोंबडी आणत. शहरातली दारच्या झाडाची लिंबं, पपई, घरची नानकटाई आणत. वेदीपुढच्या टेबलावर सगळं मांडायचं आणि उपासना झाल्यावर त्याचा हसतखेळत लिलाव करायचा. फळाचे एवढे मोठे पुरस्कर्ते सर, पण त्यांच्या अंगणातलं टेबलावर ठेवायला धुळीशिवाय काही नसे. ते मंडईतून सफरचंदं आणत. त्यांच्यावरचे छोटे स्टिकर आदल्या दिवशी मावशी नखानं खरवडून काढत. एका वर्षी एक राहिला. लिलाव पुकारताना खजिनदारांनी सफरचंद उंच धरलं, चष्मा सावरला आणि स्टिकर मोठ्यानं वाचून दाखवला. पीक परदेशातलं निघालं. त्यानंतर सर आठवडाभर खजिनदारांशी बोलले नाहीत. आमच्याशी मात्र खजिनदारांविषयी पुष्कळ बोलले.

आता याकोबाविषयी सांगायला हवं, नाहीतर सरांची गोष्ट पुढं जात नाही.

याकोब चर्चचा शिपाई. उपासनेआधी घंटा वाजवायची, बाक पुसायचे, दारं उघडायची आणि लावायची, एवढं काम. त्याबदल्यात पगार आणि चर्चमागची एक खोली. तो दारुडा असता तर बरं झालं असतं. दारुड्याचं काय करायचं हे चर्चला माहीत असतं, आणि दारुड्याला निदान पश्चात्ताप करता येतो. याकोबाला त्याचाही कंटाळा. त्याला जाग येई तेव्हा घंटा होई. नाताळचा तारा तो ईस्टरपर्यंत काढत नसे. “पुन्यांदा लावायचाच हाय की,” म्हणे. चर्चच्या खुर्च्या गल्लीतल्या कुणाच्याही लग्नात दिसत. तो त्या भाड्यानं देत नसे, याबाबत माणूस स्वच्छ. कुणी मागितल्या की नाही म्हणायचा त्याला कंटाळा येई. पन्नाशी उलटलेली, बायकोपोरं नाहीत, एक बहीण होती ती मंगळवेढ्याकडं दिलेली.

एकदा पुण्याहून मोठे उपदेशक आले आणि बाहेरच्या मांडवात टाकायला एकही खुर्ची निघाली नाही. समोरच्या गल्लीत मुंज होती, खुर्च्या तिथं जेवायला बसल्या होत्या. त्या वर्षीच्या हंगामाच्या सणाला खजिनदारांनी सभेत ठराव मांडला. याकोबाला कामावरून काढावं आणि खोली रिकामी करून घ्यावी. खोली गेली असती तर याकोबाला रस्त्याशिवाय जागा नव्हती. बहिणीच्या घरात तिचीच सहा माणसं एका पत्र्याखाली होती.

सरांना याकोबाचा पुळका होता असं मी म्हणणार नाही. पण ठराव खजिनदारांचा, म्हणजे त्याला विरोध करणं आलंच. सर उभे राहिले आणि त्यांनी फळ न देणाऱ्या झाडाचा दृष्टान्त सांगितला. मालक म्हणतो, किती वर्षं झाली, ह्याला फळ नाही, तोडा. माळी म्हणतो, मालक, एवढं वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. “तो माळी मी व्हायला तयार आहे,” सर म्हणाले. “एक वर्ष द्या.”

तिथल्या लोकांची अडचण अशी, की बायबल सगळ्यांनाच पाठ. खजिनदार म्हणाले, “त्याच दृष्टान्तात पुढं आहे ना सर, की नाही आलं फळ तर तोडून टाका?”

सर म्हणाले, “आहे.”

“मग तसंच ठरलं. पुढच्या हंगामाच्या सणाला बघू.”

जेवताना सरांनी हे घरी सांगितलं तेव्हा मीही ताटावर होते. मावशींच्या हातातली भाकरी तशीच राहिली. “भोवती खणणार कोण? तुम्ही?” त्यांनी डोळे मिटले. “देवा, याकोबाला सांभाळ.”

पहिले दोन महिने सर रोज पहाटे याकोबाच्या खोलीवर जाऊन ओरडत. याकोब गोधडीतूनच म्हणे, “व्हय सर. बराबर हाय. माजंच चुकतंय.” आणि कूस बदले. सरांनी गजराचं घड्याळ दिलं. आठवड्यात ते शेजारच्या परीक्षेला बसलेल्या मुलीकडं गेलं. “तिला लई गरज हुती सर.” खुर्च्यांना साखळी घालून कुलूप लावलं आणि किल्ली ठेवायला दिली याकोबाकडं, कारण शिपाई तोच. खत म्हणून मावशी रोज कडक भाकरी आणि शेंगांची चटणी पाठवत. “खत लागू पडतंय,” मावशी म्हणत. “बुंधा जाड झालाय. फळाचं काय ते बघा.”

जानेवारीत सरांनी चौकटीवर पुन्हा सहनशीलता गिरवली. त्यानंतर एका सकाळी ते परत आले आणि जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. मी कचेरीला निघाले होते. “पोरी,” ते म्हणाले, “ओरडायला समोर भिंत तरी लागते. हा तर पडदा आहे.” इतका दमलेला त्यांचा आवाज मी ऐकला नव्हता. मला वाटलं, सर आता सोडून देणार.

त्यांनी सोडलं ते ओरडणं. उन्हाळ्यात एका रविवारी मावशींनी भाकरीचा डबा माझ्याकडून पाठवला, तेव्हा मी डोळ्यांनी बघितलं. याकोब खाटेवर घोरतोय आणि शेजारी स्टुलावर सर, मांडीवर टोपी ठेवून, नुसते बसलेत. नळासमोर पाना घेऊन बसणारा हाच माणूस. मी उठवू का म्हणून खूण केली, तर त्यांनी मान हलवली. बऱ्याच वेळानं याकोबानं डोळे उघडले.

“सर! कवा आलात? उठवायचं की.”

“उठशील तेव्हा उठशील,” सर म्हणाले. “चल, घंटा राहिलीय.”

घंटा अर्थात उशिराच झाली. खजिनदारांनी घड्याळ बघितलं. मी ही गोष्ट मावशींना सांगितली तर त्यांचा विश्वास बसला नाही. दुसऱ्या कुणाला तरी बघितलं असशील म्हणाल्या.

पावसाळ्याच्या तोंडाला याकोब बहिणीकडं जाऊन आला आणि येताना तांबड्या भोपळ्याच्या बिया मुठीत घेऊन आला. त्याच्या खोलीपुढं फरशी, म्हणून त्या त्यानं सरांच्या अंगणात लावल्या. आयुष्यात स्वतःहून केलेलं त्याचं हे बहुधा पहिलं काम. माती दाबून तो सरांना म्हणाला, “सर, आता हितं हात लावायचा न्हाय. उकरू नका. भोपळा हाय त्यो. त्याला सारकं उटवून इचारायचं नसतंय, झालास का म्हनून.”

मी वरच्या कठड्यावरून बघत होते, कारण सर उकरणार याची मला खात्री होती. बुधवारी सकाळी सर खुरपं घेऊन बाहेर आले. आळ्यापाशी वाकले. तसेच वाकून राहिले. मग सरळ झाले, खुरपं खिडकीत ठेवलं आणि आत गेले. शुक्रवारी पुन्हा आले, या वेळी खुरपं नव्हतं, हात पाठीमागं एकमेकांत अडकवलेले. पुढच्या आठवड्यात मातीतून दोन जाड पानं वर आली. सरांनी मावशींना हाक मारली नाही. ते एकटेच तिथं उभे होते, पायजमा चिखलात, आणि मी वर उभी राहून उगाच रडले. एका भोपळ्याच्या कोंबासाठी रडले हे मी कचेरीत कुणाला सांगितलं असतं तर हसले असते सगळे.

श्रावणातल्या एका संध्याकाळी खालच्या कुकरची पहिली शिट्टी झाली. मग दुसरी झाली. तिसरी झाली तेव्हा मी घाबरून जिना उतरले, सरांना काही झालं की काय म्हणून. सर खुर्चीत पेपर वाचत होते. मावशींनी स्वयंपाकघरातून ओठांवर बोट ठेवलं. त्या दिवशी त्या घरात मी पहिल्यांदा मऊ डाळ खाल्ली.

याकोब मात्र होता तिथंच होता. तारा त्या वर्षी ईस्टरच्या आदल्या दिवशी उतरला, प्रगती म्हणायची तर एवढीच.

सणाच्या दिवशी मावशी म्हणाल्या, “आज काय व्हायचं ते होईल. तू चल सोबत.” रिक्षात सर भोपळा मांडीवर घेऊन बसले होते. एका अंगाला चपटा, जमिनीवर टेकलेला तिथं पांढुरका, दिसायला काही फार देखणा नव्हता. त्यांनी तो टेबलावर डाळिंबांच्या मागं ठेवला, कुणाला दिसेल न दिसेल असा. आज तरी घंटा वेळेवर होईल अशी सगळ्यांना आशा होती. झाली नाही.

उपासना संपली, लिलावाआधी सभा बसली. पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, नवे, वयानं लहान होते. त्यांनी जपून विचारलं, “सर, याकोबाचं काय?”

सर उभे राहिले. मला वाटलं, आता भांडतील, खजिनदारांची पानं काढतील. ते म्हणाले, “मी देवाच्या घरात खोटं बोलणार नाही. खणलं, खत घातलं. फळ नाही. माळी कमी पडला.” आणि बसले.

घंटेच्या दोरापाशी उभा असलेला याकोब म्हणाला, “सरांचं बराबर हाय.” त्याची खोली जात होती, आणि तो नेहमीसारखा कबूल करून मोकळा झाला होता.

तेव्हा बायकांच्या बाजूनं मावशी उठल्या. त्या सभेत कधी बोलल्या नव्हत्या, घरात बोलायला जागा नसे ती गोष्ट वेगळी.

“तो भोपळा कुणाचा आहे ते बघा,” त्या म्हणाल्या.

खजिनदारांनी टेबलाकडं पाहिलं. “सरांचा? विकतचा नाही?”

“हातात घेऊन बघा. स्टिकर नाही त्याला.”

लोक हसले. मावशी हसल्या नाहीत.

“चाळीस वर्षं होऊन गेली लग्नाला. आमच्या अंगणात गवत उगवलं नाही. ह्यांनी उगवू दिलं नाही. यंदा याकोब म्हणाला उकरू नका, आणि ह्यांनी उकरलं नाही. कितीतरी महिने झाले, घरात आवाज चढला नाही. आमच्या कुकरला आता तीन शिट्ट्या होतात. तुम्ही फळ याकोबावर शोधताय. तो काही सुधारला नाही, मला दिसतंय की. पण त्याच्याभोवती खणता खणता...” त्या थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, “मला दर वर्षी ‘आनंद’ लिहून देतात. यंदा मिळाला.”

“खाली बस!” सर ओरडले. तो जुनाच आवाज, छपराला लागला. “घरातल्या गोष्टी इथं...” आणि मध्येच थांबले. तोंड उघडं तसंच राहिलं. साऱ्या चर्चनं बघितलं, त्यांनी तो आवाज गिळला. गिळायला बराच वेळ लागला. मग ते अगदी खाली म्हणाले, “बस गं. पाय दुखतात तुझे.”

आधी मागच्या बाकावरच्या बाया हसल्या, मग सगळेच. काहीजण हसताना डोळे पुसत होते.

खजिनदार मात्र कायद्याचे. “हे सगळं ठीक आहे,” ते म्हणाले, “पण ठराव याकोबाचा आहे. दृष्टान्ताप्रमाणे झाड तोडायला पाहिजे.”

पाळक म्हणाले, “तोडलं असं कुठं आहे? माळी तेवढं बोलतो आणि दृष्टान्त तिथंच थांबतो. पुढचं सांगितलेलंच नाही.”

सगळ्यांनी मनातल्या मनात तो उतारा म्हणून बघितला. खरंच नव्हतं.

तेव्हा सर पुन्हा उठले. चेहऱ्यावर जुना मिस्कीलपणा परत आला होता. “मी सुचवतो. झाडाला फळ येत नाही हे कबूल. पण ह्याच्या बुडाशी जो बसतो त्याला येतं, असं आमच्या घरातून म्हणतात. मग असलं झाड तोडून चर्चनं नुकसान का करून घ्यावं? माळी बदला. पुढच्या वर्षाला खजिनदारांना नेमा. पानं त्यांच्याकडं तयारच आहेत.”

सगळे हात वर झाले. सभेचा निर्णय म्हटल्यावर खजिनदारांना मान तुकवणं भाग होतं. याकोब दोरापाशी उभा राहून मोठ्या मनानं म्हणाला, “चालतंय की.”

त्यानंतर त्या चर्चमध्ये ती पद्धतच पडली. दर हंगामाच्या सणाला याकोबाच्या बुडाशी एक माणूस नेमला जाई. लोक आधी हसत, मग वर्षअखेरीला जरा गप्प होऊन परत येत. ‘उकरू नका’ हे त्यांच्यात बोलण्यात आलं. कुणाचा मुलगा अभ्यास करत नाही, कुणाची सून अजून रुळली नाही, की दुसरं कुणीतरी तेवढंच म्हणे.

मी पुढं लग्न होऊन टेंभुर्णीला गेले. रिक्षावाल्यांशी अजून भांडते, पण मध्येच सौम्यतेखालची दुसरी रेघ आठवते. दोन पावसाळ्यांपूर्वी मावशींचा फोन आला, सर गेले. झोपेतच गेले, कुणाला हाक न मारता. मी मिळेल त्या एसटीनं सोलापूर गाठलं. घराच्या चौकटीवर सहनशीलता होती. त्यांनी तिच्यापुढं बरोबरची खूण कधी केली नाही. मावशींनी केलेली दिसली, खडूनं, वाकडी.

चर्चपुढं ही गर्दी. जुने विद्यार्थी, विणकर, भाजीवाली. शवपेटी दारात टेकवलेली. उन्हात बायका उभ्या होत्या, कारण खुर्च्या नव्हत्या. त्या एका लग्नात होत्या. थोड्या वेळानं टेम्पो आला आणि खुर्च्या उतरल्या. प्रत्येक खुर्चीच्या पाठीला गुलाबी साटिनची मोठी गाठ तशीच होती. सोडायला वेळ मिळाला नव्हता. टेम्पोवाला म्हणाला, याकोब मागनं येतोय, राहिलेल्या गोळा करतोय. मावशींना पहिल्या खुर्चीवर बसवलं. त्यांनी मागं हात नेऊन गाठ चाचपली आणि रडता रडता त्यांना हसू फुटलं.

पेटी आत न्यायची तर आधी घंटा व्हायला हवी. घंटा होत नव्हती. समितीवर नवीन आलेला एक तरुण चिडला. “आजच्या दिवशीसुद्धा? ह्या माणसाला तुम्ही अजून ठेवलाय कशाला?” असं म्हणत तो स्वतःच दोराकडं निघाला.

खजिनदार माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. म्हातारे झाले होते, हातात काठी, पाठीमागं गुलाबी साटिन. त्यांनी काठी आडवी धरून त्याला थांबवलं.

“येईल तो,” ते म्हणाले. “उकरू नको.” आणि मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी खिशात टाकलं.